सहा मिनिटांचा नकाशा

मित्रहो, या धाग्यांमधून आपण आजवर ताम्रपट वाचले, नाणी वाचली, बखरींतील अतिशयोक्ती चाळून पाहिली. आज वाचायचे साधन निराळे आहे. ते एक गाणे आहे. अधिक नेमके बोलायचे तर गाण्याची चित्रफीत. 'मिले सुर मेरा तुम्हारा' १५ ऑगस्ट १९८८ रोजी, लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचे भाषण संपल्यानंतर, दूरदर्शनवरून प्रथम प्रसारित झाले. लांबी सुमारे सहा मिनिटे. भाषा चौदा.

या चित्रफितीविषयी दोनच प्रकारची मते कानी पडतात. आपल्या आईवडिलांच्या पिढीचे डोळे पाणावतात, आणि आपल्या पिढीतील काही हुशार मंडळी 'सरकारी प्रचार' एवढे म्हणून पुढे सरकतात. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: चित्रफीत कोणीच नीट पाहत नाही. एका चर्चासत्रात मी तिला 'ऐतिहासिक साधन' म्हटले तेव्हा मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि हा धागा लांबण्याचे एक कारण तोही आहे.

आता मूळ मुद्दा. या गाण्याचे शब्द जवळजवळ काहीच सांगत नाहीत. एकच साधी कल्पना भाषा बदलून पुन्हा पुन्हा येते. पीयूष पांडे यांनी ती लिहिली, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांनी तिला संगीताचा देह दिला, आणि भैरवीने तिला ओळख दिली. परंतु 'भारत म्हणजे काय' हा या फितीतील खरा दावा शब्दांत नाही आणि सुरांतही नाही. तो कॅमेऱ्यात, संकलकाच्या कात्रीत आणि कपड्यांत आहे. त्यामुळे वाद घालायचा असेल तर तिथेच घालावा लागेल.

आरंभाचे दृश्य आठवा. धबधबा, आणि पंडित भीमसेन जोशी. गदगला जन्मलेले, पुण्यात स्थायिक झालेले, किराणा घराण्याचे गायक हिंदी शब्द गात आहेत आणि धबधबा तमिळनाडूतील कोडाईकनालचा आहे. पाहणाऱ्याला हे कुठेही सांगितलेले नाही. पडद्यावर गावाचे नाव उमटत नाही. आपण जे पाहतो तो 'भारतातील एक धबधबा' असतो. पहिल्याच चौकटीत भूगोल पुसला जातो आणि त्याच्या जागी दुसरा, अधिक सोयीचा भूगोल बसवला जातो.

या युक्तीला जुना इतिहास आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने १९२०च्या सुमारास एक प्रयोग केला. एक पुरुष आणि एक स्त्री मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत चालत आहेत. ते भेटतात, एका दिशेला पाहतात, आणि पुढच्या चौकटीत दिसते ते वॉशिंग्टनमधील व्हाइट हाऊस, एका अमेरिकी चित्रपटातून उचललेले. प्रेक्षकाच्या मनात मॉस्को आणि वॉशिंग्टन एकाच रस्त्यावर येतात. कुलेशोव्हने याला 'सर्जनशील भूगोल' असे म्हटले. जगात कुठेही नसलेली जागा, केवळ दोन तुकडे एकमेकांना चिकटवून निर्माण केलेली.

'मिले सुर' ही या प्रयोगाची राष्ट्रव्यापी आवृत्ती आहे. पंडितजींच्या मागोमाग काश्मिरी येते, मग पंजाबी. पुढे समुद्राकाठी बालमुरलीकृष्ण आणि त्यांच्यासोबत कमल हासन. मग आणखी किनारे, आणखी वेष, आणखी लिप्या असलेल्या भाषा. प्रत्यक्षात या ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटर, अनेक दिवसांचा प्रवास आणि न समजणारी बोलणी आहेत. चित्रफितीत त्यांच्यामध्ये केवळ एक कट आहे, सेकंदाच्या चोविसाव्या भागाएवढा. तो कट आपल्याला बोचत नाही, कारण सूर त्याच्यावरून अखंड वाहत असतो. चित्राचा सांधा उघडा पडू लागला की भैरवी त्याच्यावर पदर घालते. साध्या माहितीपटात हीच दृश्ये जोडली असती तर ती पर्यटन खात्याची जाहिरात वाटली असती. इथे ती एका वाक्याचे शब्द वाटतात. म्हणूनच मी म्हणतो की या फितीतील खरा गायक संकलक आहे.

(एक पोटमुद्दा: दिग्दर्शक कैलाश सुरेंद्रनाथ आणि संकल्पनाकार सुरेश मलिक हे दोघे जाहिरातविश्वातील. थोड्या सेकंदांत चेहरा ओळखू यावा, जागा कळावी, भावना पोचावी हे कसब तिथले. राष्ट्र घडवण्याचे काम त्या काळी कवींपेक्षा जाहिरातकारांना चांगले जमले, हे आपल्याला आवडो वा न आवडो.)

आता त्या वर्षाकडे पाहू. मे १९८८ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात 'ऑपरेशन ब्लॅक थंडर' झाले. पंजाबमध्ये राष्ट्रपती राजवट होती. १९८४च्या शीख हत्याकांडाला जेमतेम चार वर्षे झाली होती. काश्मीरमध्ये १९८७च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर खदखद वाढली होती, आणि जुलै १९८८च्या अखेरीस श्रीनगरमध्ये बॉम्बस्फोट झाले. दार्जिलिंगच्या डोंगरांत गोरखालँडचे आंदोलन पेटलेले होते. आसाम करार १९८५चा, मिझो करार १९८६चा. त्यांची शाई नुकती वाळत होती.

हे समोर ठेवून फितीतील क्रम पुन्हा पाहा. हिंदीनंतर लगेच काश्मिरी, त्यानंतर पंजाबी. वृत्तपत्रांत ज्या दोन प्रदेशांचे मथळे रोज रक्ताने भिजत होते, तेच दोन प्रदेश इथे सर्वांत आधी सुरात सूर मिसळतात. संकलनातील क्रम हे विधान असते. निबंधात आपण पहिला मुद्दा उगाच पहिला ठेवत नाही, तसेच इथेही.

आणि हे सारे एकाच पडद्यावर. त्या काळी घराघरांत वाहिनी एकच होती. 'रामायण' मालिकेचा शेवटचा भाग ३१ जुलै १९८८ रोजी दाखवला गेला होता. 'महाभारत' २ ऑक्टोबरला सुरू होणार होते. त्या दोन महाकाव्यांच्या मधल्या पोकळीत ही सहा मिनिटे आली, आणि पुढे कार्यक्रमांच्या फटींत ती अगणित वेळा लावली गेली. चित्रपट माणूस दोनदा पाहील, फार तर दहादा. ही फीत लोकांनी पाहिली नाही. ती त्यांच्यात मुरली. ज्यांना कन्नडचा एक शब्द येत नाही त्यांना त्या गाण्यातील कन्नड ओळ पाठ असते. एकाच मक्तेदार वाहिनीवर वर्षानुवर्षे होणारी आवृत्ती हा अर्थनिर्मितीचा केवढा मोठा भाग आहे, हे आपल्या पिढीला उमजणे कठीण, कारण नको असलेली गोष्ट आपण अंगठ्याने सरकवून टाकतो.

आता वेषभूषेकडे वळू. माझी खरी तक्रार तिथे सुरू होते.

फितीचे व्याकरण असे आहे: एक भाषा, एक वेष, एक निसर्ग, एक ओळखीची खूण. मल्याळम आली की हत्ती आणि माहूत. बंगाली आली की कोलकात्याची मेट्रो, जी १९८४ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली मेट्रो. मराठी आली की डेक्कन क्वीन आणि खिडकीशी तनुजा. सहा मिनिटांत चौदा भाषा ओळखू याव्यात म्हणून ही लघुलिपी लागते, हे मला मान्य आहे. परंतु लघुलिपीत काय टिकते आणि काय गळते हे पाहणे आपले काम आहे. १९८१च्या जनगणनेत साक्षरतेत देशात पहिल्या असलेल्या केरळच्या वाट्याला ग्रंथालय आले नाही, हत्ती आला. बंगालच्या वाट्याला भुयारी रेल्वे, आणि तीही लेखक, खेळाडू, चित्रपटकार अशा नामवंतांसह. कोणाला आधुनिक दाखवायचे आणि कोणाला निसर्गरम्य, हा निर्णय कुणीतरी घेतला, आणि तो हत्तीच्या पाठीवरून आपल्यापर्यंत इतक्या प्रेमाने आला की आपण तो निर्णय आहे हेच विसरलो.

'एक भाषा, एक प्रदेश' हे समीकरण कॅमेऱ्याने शोधलेले नाही. ते १९५६च्या राज्य पुनर्रचनेचे समीकरण आहे. आपल्यासाठी १ मे १९६०चे. फितीने त्याला रंग आणि चेहरा दिला. आता हे तपासून पाहण्याची एक सोपी रीत सांगतो. फितीतील भाषांची यादी करा: हिंदी, काश्मिरी, पंजाबी, सिंधी, उर्दू, तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम, बंगाली, असमिया, उडिया, गुजराती, मराठी. मग १९८८ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत असलेल्या भाषांची यादी शेजारी ठेवा. तिथे पंधरा भाषा आहेत. चौदा तंतोतंत जुळतात. उरते ती एकटी संस्कृत.

ही जुळणी माझ्या हाती आली त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. कारण मग ही फीत 'भारतातील विविधता' दाखवत नाही. ती राज्यसंस्थेने मान्य केलेली विविधता दाखवते. अनुसूचीला तिने छायाचित्रण बहाल केले आहे. संस्कृत गळली याचेही मला नवल वाटत नाही. संस्कृतचे चित्रण कुठे करणार? तिचे शेत नाही, तिची आगगाडी नाही, सकाळी तिच्यात भाजी विकणारी बाई नाही. माझा तर्क असा की कॅमेऱ्याला माणूस आणि माती लागते. केवळ प्रतिष्ठा त्याला टिपता येत नाही. सिंधीला भारतात स्वतःचे राज्य नाही, तरी तिला माणसे आहेत, म्हणून तिला ओळ मिळाली.

मग अनुसूचीबाहेरच्यांचे काय झाले?

मारिओ मिरांडा या फितीत दिसतात. गोव्याचे मारिओ, ज्यांच्या रेषांतून अर्ध्या देशाने गोवा पाहिला. गोव्याला राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला होता. त्याच वर्षी, भाषेच्या प्रश्नावरून झालेल्या तीव्र आंदोलनानंतर, कोकणीला राजभाषेचे स्थान देणारा कायदा झाला होता. तरी फितीत मारिओ आहेत आणि कोकणी नाही. चेहरा घेतला, जीभ घेतली नाही. (कोकणी-मराठी वादात कोणाची बाजू खरी हा इथला विषय नाही, त्यावर प्रतिसादांत रणांगण करू नये ही विनंती.) कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या भाषा अनुसूचीत आल्या १९९२ मध्ये. संथाली, बोडो, मैथिली, डोगरी यांना २००३च्या घटनादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

यांतील नेपाळीचा प्रसंग मला सर्वांत अस्वस्थ करतो. चित्रफीत प्रथम प्रसारित झाली १५ ऑगस्टला. गोरखालँड आंदोलनाचा शेवट करणारा दार्जिलिंग गोरखा पर्वतीय परिषदेचा करार झाला २२ ऑगस्टला, अवघ्या सात दिवसांनी. आम्हीही या देशाचे आहोत, आम्हाला परके समजू नका, हे ज्यांच्या मागणीच्या मुळाशी होते, त्यांच्या भाषेची एक ओळही त्या सहा मिनिटांत नव्हती. दिल्लीत वाटाघाटीचे कागद तयार होत होते आणि दूरदर्शनवर सगळ्यांचे सूर जुळलेले होते.

माझा एक मित्र या टप्प्यावर नेहमी म्हणतो, 'अरे, सहा मिनिटांत किती कोंबणार? कुठेतरी थांबावे लागतेच.' खरे आहे. प्रत्येक चौकट काहीतरी बाहेर ठेवते. तेच चौकटीचे काम. परंतु वगळणे अपघाताने झाले असते तर ते विस्कळीत दिसले असते: एखादी मोठी भाषा राहून गेली असती, एखादी चिमुकली आत शिरली असती. इथे वगळण्याची रेघ सरळ आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकातील रेघेवरून चालते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे ते अशाच जागी.

आता थोडे घरचे. मी धुळे जिल्ह्यातला. आमच्या घरात अहिराणी बोलतात. मराठीच्या 'आहे'ला तिथे 'शे' म्हणतात. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी, बिगर-अनुसूचित भाषा म्हणून नोंदलेली आहे आणि तिचे बोलणारे १८ लाखांहून अधिक आहेत. फितीतील मराठी डेक्कन क्वीनमधून येते. डेक्कन क्वीन १९३० पासून मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये धावते. एका दृश्यात 'महाराष्ट्र' दाखवायचा तर दिग्दर्शकाने निवडलेली गाडी बरोबर त्या दोन शहरांना जोडते, ज्यांच्या बोलण्याला आपण प्रमाण म्हणतो. चाळीसगावहून धुळ्याला जाणारी गाडी कोण दाखवणार? शाळेत दर १५ ऑगस्टला हे गाणे लागे तेव्हा मराठीच्या ओळीला आम्ही मुले जोरात ओरडत असू. आमची ओळ आली म्हणून. ती आमची होती आणि नव्हतीही, हे समजायला मला पदव्युत्तर वर्ग लागला. माझ्या आजीला ते बहुधा आधीच कळले असावे. ती त्या ओळीच्या वेळी गप्प असे आणि पंडितजींच्या आलापाला मात्र मान डोलवी.

इथे काही वाचकांना वाटेल की मी फितीची निंदा करतो आहे. तसे नाही, आणि याचे कारण २०१० मध्ये आहे. त्या वर्षी २६ जानेवारीला 'फिर मिले सुर' आले. दिग्दर्शक तेच, सुरेंद्रनाथ. लांबी सोळा मिनिटांच्या घरात. तंत्र कितीतरी सरस: कॅमेरा सतत तरंगता, प्रकाश मधाळ, प्रत्येक पोशाख जणू आताच इस्त्रीखालून निघालेला. आणि तरीही ती फीत कोणाच्या मनात राहिली? माझ्या मते तिथे व्याकरणच बदलले. १९८८च्या फितीत नामवंत आणि अनोळखी माणसे एकाच मापाने कापलेली आहेत. माहुताला स्वतःची ओळ आहे आणि गर्दीतील बाईला स्वतःचा क्षण. तिथे अमिताभ बच्चन, जितेंद्र, मिथुन चक्रवर्ती येतात ते शेवटाकडे, तेही घोळक्याने, आणि चटकन निघून जातात. २०१०च्या फितीत तारे हेच प्रदेश झाले. आधी भाषेसाठी माणूस शोधला जात होता. आता माणसासाठी, म्हणजे ताऱ्यासाठी, पार्श्वभूमी शोधली जाते. एका फितीमागे सरकारी वाहिनी होती, दुसरीमागे मनोरंजनाची खासगी वाहिनी. दोन्ही फिती शेजारी ठेवल्या तर मधल्या २२ वर्षांतील आर्थिक बदलांवर एक प्रकरण लिहिता येईल, आणि त्यासाठी एकही आकडेवारी उघडावी लागणार नाही.

म्हणून १९८८च्या फितीविषयी माझे मत दुहेरी आहे आणि ते दुहेरीच राहणार. तिने वगळले, आणि सरकारी यादीप्रमाणे वगळले. परंतु ज्यांना घेतले त्यांना तिने समान अंतरावरून पाहिले. त्या दशकात, त्या वर्षी, एका शीख चेहऱ्याकडे देशातील एकमेव वाहिनीचा कॅमेरा संशयाने न पाहता प्रेमाने पाहतो, याचे मोल १९८४ नंतरच्या दिल्लीत राहणाऱ्या कुटुंबाला विचारावे. प्रचार आणि माया या एकाच चौकटीत राहू शकतात. साधनचिकित्सा शिकताना आपल्याला हेच तर सांगितले जाते की हेतू एक असतो आणि परिणाम अनेक.

शेवटाकडे लता मंगेशकर येतात, वेषात तिरंग्याचे रंग. घराघरांतील रंगीत दूरचित्रवाणी तेव्हा सहाच वर्षांची होती, तेव्हा हा रंग केवढा बोलका असेल याची कल्पना करा. आणि ज्यांच्या घरी कृष्णधवल संच होता त्यांच्यापर्यंत या वेषाचा अर्थ पोचलाच नसेल, हीही. मग वाद्यमेळ राष्ट्रगीताच्या अखेरच्या सुरांना स्पर्श करतो आणि गाणे संपते. बसलेला प्रेक्षक अर्धवट उठतो. उठावे की नाही हे न कळून.

आता एक करून पाहा. चित्रफीत लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. भैरवी निघून गेली की सांधे दिसू लागतात: कोणाच्या वाट्याला जवळून चेहरा आला, कोणाच्या वाट्याला दुरून देखावा, कोण प्रवासात आहे, कोण जागेवर खिळले आहे, कोणाचे कपडे रोजचे आहेत आणि कोणाचे सणाचे. भाषेनुसार सेकंद मोजा. माझा तक्ता मी मुद्दाम इथे देत नाही, तुमचे डोळे बांधले जातील. तुमच्या घरची बोली त्या चौदांत नसेल तर ती कोणती, तेही प्रतिसादात लिहा. माझी अहिराणी. पुढच्या धाग्यात त्या यादीवरच बोलू.